नूरताईकडचा डबा

शालन, तुझा डबा परत आला.

हे सांगायला परवा संध्याकाळी मी फोन हातात घेतला, तुझं नाव शोधलं आणि बटण दाबायच्या आधी आठवलं. तू गेलीस त्याला परवा अठरा दिवस झाले होते. या अठरा दिवसांत मी हे असं चार वेळा केलंय. एकदा तर फोन लागलाही. उचलला तुझ्या सुनेनं, स्वातीनं. पण परवाची बातमी एवढी मोठी होती की ती तुझ्याआधी दुसऱ्या कुणाला सांगणं मला पटेना. म्हणून लिहायला बसलेय.

तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं बोलायचं काम तेराव्याला आलेल्या मंडळींनी उरकलंय. तू किती सोशिक होतीस, किती कमी बोलायचीस. 'कमी बोलायच्या' हे ऐकल्यावर विमलअक्कानं माझ्याकडं बघितलं, आणि आम्हा दोघींना तोंडाला पदर लावावा लागला. लोकांना वाटलं, मैत्रिणी रडताहेत. थोड्या वेळानं खरंच रडलो, पण सुरुवात हसण्यानं झाली होती, हे तुला कळायला हवं.

तर डबा. डब्याचं सांगायचं तर मला एक कबुली द्यावी लागेल, आणि कबुली द्यायची तर मलेशियापासून सुरुवात करावी लागेल.

मलेशियाला जायचं कुणाच्या डोक्यातून निघालं यावर आपलं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. तू म्हणायचीस माझ्या, मी म्हणायचे तुझ्या, आणि विमलअक्का म्हणायची, "मला तर तुम्ही दोघींनी फसवून नेलंय." रंकाळ्यावर रोज सकाळी फिरणाऱ्या आपण तिघी. मी, तीस वर्षं पोरींना इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. तू, हुपरीच्या पैंजणवाल्यांच्या घरची सून, आठवीत शाळा सुटलेली. आणि गडहिंग्लजकडची विमलअक्का, जी लेकाकडं कोल्हापुरात राहायला आली तरी म्हशीच्या धारेची वेळ झाली की अजून अस्वस्थ होते. तुझ्या लेकानं तिकिटं काढून दिली, आठ दिवसांचा बेत आखून दिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "मावशी, तुमचं इंग्रजी आहे म्हणून आईला पाठवतोय." त्यानं माझ्या डोक्यात हवा गेली, शालन. सगळ्या गोंधळाचं मूळ तिथं आहे.

तू बॅगेत काय भरलंस ते मला क्वालालंपूरच्या विमानतळावर कळलं. तिथल्या अधिकाऱ्यानं यंत्रात बघून तुझी बॅग बाजूला काढली. आत दोन लुगडी, एक शाल आणि मधोमध स्टीलचा कडीचा डबा, काठोकाठ कांदा-लसूण चटणीनं भरलेला. तो विचारतोय हे काय, मी माझ्या उत्तम इंग्रजीत सांगतेय की हा एक पारंपरिक मसाल्याचा प्रकार आहे, आणि त्याची भुवई काही खाली येईना. तेवढ्यात तू कडी काढलीस आणि डबा त्याच्या नाकाखाली धरलास.

"वास घे की बाळा. एवढं काय बघतोयस?"

तो तीनदा शिंकला. शेजारच्या खिडकीतली हिजाबवाली बाई हसायला लागली, पलीकडचा चिनी चेहऱ्याचा पोरगा हसायला लागला, आणि शेवटी तोही हसला. त्यानं बॅगेवर खडूची फुली मारली. तू त्याला जाता जाता सांगितलंस, "या कोल्हापूरला." मी मान खाली घालून ट्रॉली ढकलत राहिले. माझं इंग्रजी तिथं कामाला आलं नाही, पण हे तेव्हा मी कबूल केलं नाही.

पहिल्या सकाळी आपण हॉटेलखालच्या टपरीवर चहाला गेलो. तमिळ मुसलमानाची टपरी. तो चहा एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात हातभर उंचीवरून ओतत होता आणि थेंब सांडत नव्हता. एका टेबलावर दोन चिनी म्हातारे, एका टेबलावर हिजाबातल्या ऑफिसला निघालेल्या पोरी, कपाळाला भस्म लावलेला एक तमिळ गृहस्थ, आणि आपण. सगळ्यांसमोर तीच पातळ रोटी आणि तीच डाळ. तू नुसती बघत होतीस. मी वाचून आले होते, त्यामुळे गप्प बसवेना. मी सांगायला लागले की हे दिसतं तितकं सोपं नाही, यांच्या शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, आतून कुरबुरी असतात.

"असतील की," तू म्हणालीस. "भांडत बी असतील. आमच्या भावाच्या कापडाच्या मागावर इचलकरंजीत बिहारी हाईत, ओडिया हाईत, कानडी हाईत. रोज भांडत्यात. पण दुपारचं डबं सोडलं की एकमेकाच्या डब्यात हात घालत्यात. तुला पुस्तकातनं भांडान कळलं, मला रोटी दिसली. दोन्ही खरं हाय, खा आता."

हा वाद आपण कोल्हापूरपर्यंत घेऊन आलो. तुझं म्हणणं, मी दुसऱ्याच्या घरात शिरताना आधी छताचे तडे बघते. माझं म्हणणं, तू बघतच नाहीस. परवापर्यंत मला वाटत होतं, मीच बरोबर.

चांदीच्या दुकानातली तुझी भानगड मात्र मी कधी विसरणार नाही. तमिळ लोकांच्या बाजारात एका दुकानात तू पैंजण हातात घेतलंस, उलटं केलंस, कडीला नख लावलंस आणि जाहीर केलंस, "हे हुपरीचं हाय." दुकानदार म्हणाला सेलमचं. तू म्हणालीस हुपरीचं. त्याला मराठी येत नाही, तुला तमिळ येत नाही, आणि दोघांचं अर्धा तास भांडण चाललं. शेवटी तू तुझ्या पायातलं पैंजण काढून त्याच्या काचेच्या पेटीवर ठेवलंस आणि दोन्ही कड्या शेजारी धरल्यास. त्यानं भिंग लावून बघितलं. मग खुर्ची पुढं सरकवली आणि आपल्याला नारळपाणी मागवलं. सेलम की हुपरी हे ठरलं नाहीच. पण निघताना त्यानं तुला हात जोडले, आणि मला नुसतं 'थँक्यू' म्हणाला.

मग मलाका. समुद्रकाठचं जुनं गाव. तिथं एकाच गल्लीत हाकेच्या अंतरावर एक देऊळ, एक मशीद आणि एक चिनी देवालय. आपण तिन्हीकडं गेलो. चिनी देवालयात तू उदबत्त्यांची जुडी घेऊन डोळे मिटून उभी राहिलीस. मी तुला कोपरानं ढोसून विचारलं, "अगं, हा देव कोण ते तरी माहीत आहे का?"

"त्याला म्हाईत हाय की मी कोण ते."

बाहेर आल्यावर तू चार गजरे घेतलेस. तीन आपल्याला. चौथा कुणाला म्हणून मी विचारणार, तोवर तू उंबऱ्यावर बसलेल्या एका चिनी आजीच्या मांडीवर तो ठेवलास. तिचे केस पोरासारखे बारीक कापलेले. तिनं गजरा हुंगला आणि मनगटाला गुंडाळून घेतला. आपण गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ती हात वर करून तो दाखवत होती.

राहायची सोय नूरताईंच्या घरात होती. लाकडी घर, खांबांवर उचललेलं, रंगीत फरशांचा जिना, आणि जिन्याखाली पाय धुवायला पाण्याचा रांजण. रांजण बघूनच तू निर्धास्त झालीस. नूरताई तुझ्याच वयाच्या, नवरा गेलेला, पोरं शहरात, घरात तीन खोल्या पाहुण्यांना देऊन चालवलेलं एकटीचं राज्य. त्यांना कामापुरतं इंग्रजी येत होतं. पहिल्या दिवशी त्यांनी केळीच्या पानात नारळाच्या दुधातला भात वाढला. त्यावर लाल चटणी, शेंगदाणे, बारीक सुके मासे, उकडलेलं अंडं. तू चटणीला बोट लावलंस, जीभ टाळ्याला लावून बघितलीस.

"आपलीच हाय. लसूण कमी पडलाय जरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघते तर तू त्यांच्या स्वयंपाकघरात खाली बसलेली. खलबत्ता त्यांचा, मिरच्या त्यांच्या, लसूण तू सोलतेयस, आणि दोघींच्या अखंड गप्पा चाललेल्या. तू कोल्हापुरीत, त्या मलयमध्ये. मी दारात उभी राहून म्हणाले, "काय विचारायचं असेल तर मी सांगते त्यांना." तू वर न बघता म्हणालीस, "काय न्हाय. तिच्या सुनेचं चाललंय." आणि खरंच, नंतर मी नूरताईंना इंग्रजीतून विचारलं तर सुनेचंच चाललं होतं.

सोमवारी विमलअक्काचा उपवास. नूरताईंनी तिच्यासाठी ज्याचा साबुदाणा करतात तो कंद उकडून वर खोबरं घालून दिला. अक्का ताटाकडं बघत बसली. चालतो की नाही? "साबुदाना चालतो," तू म्हणालीस, "मग त्याची आई का न्हाय चालणार?" अक्कानं दोनदा घेतलं. नूरताईंनी मला विचारून घेतलं की हा उपवास कुठल्या वाराचा, आणि मान हलवून डोक्यात ठेवला. तेव्हा मला वाटलं, पाहुण्यांच्या सरबराईचा भाग असेल.

आता कबुली.

निघायच्या दिवशी तू तो डबा आणलास. चटणी अर्ध्याच्या वर शिल्लक होती. तू दोन्ही हातांनी नूरताईंच्या हातात दिलास आणि मला म्हणालीस, "सांग तिला. चटणी संपली की डबा परत द्यायचा. पण रिकामा न्हाय हं. आणि घाई न्हाय म्हनावं."

शालन, मला लाज वाटली. परक्या देशात, चार दिवस आपल्याला घरच्यासारखं वागवणाऱ्या बाईला मी स्टीलचा एक डबा परत मागायचा? वर तो भरून दे म्हणायचं? आपल्या गल्लीत ठीक आहे, तिथं वाटी गेली की वाटी येते आणि रिकामी येत नाही, हे सांगावं लागत नाही. पण या बाईला काय वाटेल? कोल्हापूरची माणसं एका डब्यासाठी जीव टाकतात? मी हसून इंग्रजीत सांगितलं, "शालन म्हणते ही भेट आहे. डबासुद्धा तुम्ही ठेवून घ्या."

नूरताईंनी डबा छातीशी धरला, दोनदा आभार मानले. तू विचारलंस, "काय म्हनाली?" मी म्हणाले, "हो म्हणाली."

मग मी बॅगा टॅक्सीत ठेवायला खाली उतरले. तू वरून ओरडलीस, "चष्मा राहिला गं," आणि विमलअक्काला घेऊन परत आत गेलीस. पाच मिनिटं आला नाहीत. मी टॅक्सीवाल्याची माफी मागत उभी. तू आलीस तेव्हा चष्मा तुझ्या गळ्यात दोरीला होता, आणि तो सकाळपासून तिथंच होता. हे माझ्या लक्षात यायला तीन वर्षं लागली.

विमानात तू खिडकीशी बसलीस आणि ढगांकडं बघत सहज सांगितलंस की तो डबा तुझ्या आईचा. पहिल्या बाळंतपणाला तिनं त्यातून डिंकाचे लाडू पाठवले होते, आणि तळाला नाव घातलं होतं, 'शालनला, आईकडून'. आई गेल्यावर तिची एवढीच वस्तू तुझ्याकडं राहिली होती. मी तुझ्याकडं वळले.

"आणि तो देऊन टाकलास तू?"

"देऊन कुठं टाकलाय? परत येनार हाय की. प्लॅस्टिकच्या पिशवीतनं चटणी देतात व्हय कुनाला?"

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी हवाईसुंदरीला पाणी मागितलं.

पुढची तीन वर्षं तू मला काही सुखानं जगू दिलं नाहीस. रंकाळ्यावर चालता चालता मध्येच, "डबा आला न्हाय अजून." मी चिडायचे. समुद्रापलीकडून कोण डबा परत करतं, शालन? जग असं चालत नाही. तू शांतपणे म्हणायचीस, "येईल की." आणि मग माझ्याकडं न बघता, तळ्याकडं बघत, "तू नीट सांगितलंयस न्हवं तिला?"

"सांगितलंय."

दर वेळी हे एक वाक्य. खोटं बोलायची मला सवय नाही. वर्गात कॉपी करणाऱ्या पोरीला बाकावर उभी करणारी बाई मी. तुला वाटत असेल मी निर्लज्जपणे बोलत होते, तर तसं नव्हतं. मी एकदा भांड्यांच्या दुकानात जाऊन तसाच कडीचा डबा घेतला. तळाला 'शालनला, आईकडून' असं घालायला नाव घालणाऱ्याकडं दिला. तो म्हणाला, "बाई, नवीन दिसतंय. घासून जुनं करू का?" मी तो घासून जुना करून घेतला! घरी आणला, त्यात कुठून तरी आणलेला मलेशियाचा चहा भरला, पिशवीत घालून तुझ्या दारापर्यंत आले. दारात तू पोळ्यांचा तवा घासत बसली होतीस. "पिशवीत काय हाय गं?" म्हणालीस. मी म्हणाले, "शेंगदाणे." तो डबा अजून माझ्या फळीवर आहे. त्यात आता खरंच शेंगदाणे आहेत.

दवाखान्यात शेवटच्या दुपारी मी एकटीच होते तुझ्याजवळ. मी ठरवून आले होते. "शालन, एक सांगायचंय तुला," असं म्हणालेही. तू डोळे उघडलेस, आणि तुझ्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मला ते दुखणं वाटलं. मी घाबरून विचारलं, "सलाईनची सुई टोचतेय का?" तू मान हलवलीस आणि पुन्हा डोळे मिटलेस. गेले अठरा दिवस मी त्या एका प्रश्नासाठी स्वतःला शिव्या घालतेय.

परवा रविवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडं एक मुलगी, अदबीनं इंग्रजी बोलणारी. नाव आयशा. बेळगावला डॉक्टरकी शिकते, याच वर्षी आलीय. मलाकाच्या नूर तिच्या सख्ख्या मावशी. मावशींनी पाहुण्यांच्या वहीतला माझा नंबर दिलाय, आणि मावशींचं एक काम आहे. ते काम काय, हे तिनं सांगायच्या आधी मला कळलं. 

मी फोनवर तिला तुझं काही सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, ये.

दुपारी मी स्टँडवर गेले. बेळगावची एसटी लागली, आणि गर्दीतून डोक्याला निळा रुमाल बांधलेली एक लहानखुरी मुलगी उतरली. मला बघून तिनं आधी हात कपाळाला लावला, मग जोडले, मग दोन्हीतलं काय करावं हे न कळून हसली. तिला आलेलं पहिलं मराठी एसटीत शिकलेलं होतं. मोठ्या अभिमानानं म्हणाली, "थोडं सरकून बसा." तू असतीस तर तिला तिथंच कवटाळलं असतंस. मी कवटाळलं. मला ते नीट जमलं नाही, पण जमवलं.

तुझ्या घरी स्वाती होती, मी विमलअक्काला बोलावून घेतलं होतं. भिंतीवरच्या तुझ्या फोटोला हार बघून पोरीला कळलं. ती खाली बसली, पाठीवरची बॅग पुढं घेतली आणि फुलाफुलांच्या कापडात बांधलेला डबा काढून फोटोसमोर ठेवला. स्वातीनं तो उलटा करून तळ बघितला, आणि तिचा बांध फुटला. 'शालनला, आईकडून.' नूरताईंनी तो इतका घासला होता की अक्षरं नव्यासारखी चमकत होती.

कडी काढली. आत किसलेलं खोबरं, लाल मिरची, लसूण आणि गवती चहाची पात घालून मंद आचेवर परतलेलं, तपकिरी झालेलं, काठोकाठ. घरभर वास सुटला. आयशा म्हणाली, मावशी एरवी यात मांस घालते, पण हे नुसत्या खोबऱ्याचं केलंय, कारण तुमच्यातल्या एकीचा सोमवारचा उपवास असतो. विमलअक्कानं डोळे पुसत चिमूट उचलली आणि तोंडात टाकली. "अय्यो, लसूण शिकली की गं ती," म्हणाली.

स्वातीनं विचारलं, तीन वर्षं का लागली? आयशानं सांगितलं की मावशी पोस्टानं पाठवायला तयार नव्हती. त्यांच्या गावातही शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत, आणि हातानंच करतात. हात मिळायला इतका वेळ लागला. एवढं बोलून ती माझ्याकडं वळली आणि निरागसपणे पुढचं वाक्य बोलली. स्वाती म्हणाली, "काय म्हणतेय ती, मावशी?"

तिघी माझ्याकडं बघत होत्या, आणि चौथी तू, फोटोतून. शालन, या वेळी मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं.

"ती म्हणते, नूरमावशीनं सांगितलंय की इंग्रजी बोलणाऱ्या बाईनं डबा ठेवून घ्या म्हटलं होतं. पण डब्याच्या मालकिणीनं तसं म्हटलेलं नव्हतं."

 आणि मग विमलअक्का हसायला लागली. आधी पोट हललं, मग खांदे, मग तिला भिंत धरावी लागली.

"अगं मास्तरनी, शालनला तवाच कळलंतं की! परत दे म्हनल्यावर कोन एवढं थँक्यू म्हनतंय व्हय? चष्मा राहिला म्हनून आत गेलतो न्हवं आमी? शालननं चटणी खाल्ल्यागत केलं, डबा उलटा करून दावला, तळाचं नाव दावलं, मग भरल्यागत केलं आन् आपल्या छातीवर हात ठिवला. त्या बाईला पैल्या दमात कळलं. मला शपथ घातली, मास्तरनीला सांगू नगंस. म्हनली, ती लाजलीया बिचारी, आपनहून सांगंपर्यंत तिला जरा घोळात घेऊ."

तीन वर्षं! तीन वर्षं तू तळ्याकडं बघून मला विचारत होतीस, 'तू नीट सांगितलंयस न्हवं तिला?' मी रात्ररात्र तळमळत होते, दुकानात जाऊन डबे जुने करून घेत होते, आणि तू हसू दाबत होतीस. म्हणूनच माझ्याकडं कधी बघायची नाहीस. आणि दवाखान्यात ओठाच्या कोपऱ्यात जे हललं ते दुखणं नव्हतं. तू वाट बघत होतीस, आणि मी सलाईनचं विचारलं! मी इतकी चिडले तुझ्यावर, शालन, की अठरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर हसले. हसता हसता तुझ्या फोटोला सांगून टाकलं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. मी सांगितलं नव्हतं. मला लाज वाटली होती. मी खोटं बोलले. आयशाला काही कळेना, म्हणून मग तेही तिला इंग्रजीत सांगितलं.

संध्याकाळी तिला सोडायला निघायच्या आधी स्वातीनं नूरताईंचं खोबरं काचेच्या बरणीत काढून घेतलं, डबा धुतला, पुसला, आणि मग हातात धरून नुसतीच उभी राहिली. स्वातीच्या मनात काय चाललंय ते दिसत होतं. सासूच्या आईची एकच वस्तू, तीन वर्षांनी घरी आलेली.  मग ती आत गेली आणि उन्हाळ्यात तू तुझ्या हातानं केलेल्या चटणीची बरणी घेऊन आली. ती चटणी आता पुन्हा होणार नाही. स्वातीनं चमच्यानं दाबून दाबून डबा काठोकाठ भरला आणि कडी लावली. सुट्टीला आयशा घरी जाणार आहे, तेव्हा घेऊन जाईल.

स्टँडवर बेळगावची गाडी लागली होती. खिडकीतून मी तिच्या हातात डबा दिला आणि तुझा निरोप सांगितला, तू सांगितला होतास तसा, एकही शब्द न गाळता. मावशीला सांग, चटणी संपली की डबा परत द्यायचा. पण रिकामा नाही. आणि घाई नाही. आयशानं हसून तो मला परत म्हणून दाखवला, नीट पाठ झालाय का बघायला. माझ्या सगळ्या विद्यार्थिनींत ती सगळ्यात चांगली.

गाडी हलली. फलाटावर मी आणि विमलअक्का उरलो. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत अक्का हात हलवत होती. मग पदर सारखा करत म्हणाली, "दिला खरा बाई आपन. येईल का गं परत?"

शालन, मी तळ्याकडं बघितलं असतं, पण स्टँडवर तळं कुठलं. मी तिच्याकडंच बघून म्हणाले, "येईल की."